तांबड्या दिव्यावरची चिकटपट्टी

चैत्र लागला त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी आमच्या सोसायटीने लिफ्टवाल्याला अठराशे रुपये दिले. हजर चौघे: लिफ्टवाला, वॉचमन, खजिनदार या नात्याने मी, आणि तिसऱ्या मजल्यावरचे सोपानअण्णा. काम काय झालं, तर एक काळी चिकटपट्टी नखाने सोलून काढली.

लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की एक लाल दिवा लागतो. त्या दिवशी कोणाच्या तरी पाहुण्यांनी भरलेली लिफ्ट हलेना आणि दिवाही दिसेना, म्हणून बिघाडाची तक्रार गेली. दिवा दिसणार कसा, त्याच्यावर पट्टी होती. पट्टी कोणाची, हे विचारायची गरज आमच्या सोसायटीत पडत नाही. अण्णांनी कोपरीच्या खिशातून नोटा काढल्या, माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "तांबडा दिवा म्हंजी जीवाला घोर. अठराशे जाऊंद्या, खजिनदार, पर घोर नको."

अण्णांच्या घरात एकही लाल दिवा उघडा नाही. टीव्हीच्या डबीवर पट्टी, फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर पट्टी, गीझरवर पट्टी. गीझर चालू आहे की बंद, हे ते त्याला हात लावून ठरवतात. मोबाइल चार्ज होताना लाल ठिपका दिसतो म्हणून मोबाइल उशीखाली ठेवून चार्ज करतात. मी एकदा सांगितलं, की अण्णा, असे मोबाइल पेटतात. ते म्हणाले, "पेटला तर कळंल की. दिव्यानं कशाला सांगायचं?"

मी स्वतः काळजी करणारा माणूस. गॅस बंद केला का हे पाहायला जिन्यातून परत येतो. मला उलट या दिव्यांचा आधार वाटतो. लाल लागला म्हणजे काय बिघडलं ते निदान कळतं. म्हणून अण्णांनी पंपाच्या खोलीतल्या पॅनेललाही पट्ट्या लावल्या, तेव्हा मला खरोखर झोप लागेना. टाकी भरून वाहील, मोटार जळेल, मोटारीचा खर्च मला सभेत मांडावा लागेल. पुढे रोज ऑफिसला जाताना पंपाच्या खोलीत डोकावायचं आणि पट्ट्या काढायच्या, हे माझं काम झालं. संध्याकाळपर्यंत नव्या लागलेल्या असत.

सगळ्यात वाईट प्रसंग रस्त्यावरचा. अण्णा सिग्नललाही लाल दिव्याकडे पाहत नाहीत. स्कूटर उभी करून मान खाली घालतात आणि मागून हॉर्न वाजला की दिवा हिरवा झाला असं समजून निघतात. आता आमच्या मोशीच्या चौकात हॉर्न हिरव्या दिव्याच्या कितीतरी आधी वाजायला लागतो. त्यांच्या मागे मी एकदाच बसलो आहे. चाकणकडून येणारा कंटेनर आमच्या पुढून गेला, त्याच्या चाकाचे नट मला मोजता आले असते.

"घाबरलात व्हय?" अण्णांनी विचारलं.

मी म्हणालो, "घाबरलो."

"म्हून म्हंतो, बगायचंच न्हाई."

माणूस वेडा नव्हे. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांचीच. बिल्डरशी करार करताना त्यांनी फ्लॅट घेतले, पार्किंग घेतलं आणि त्या पार्किंगमध्ये लग्नाच्या साली घेतलेला ट्रॅक्टर आणून लावला. निळा रंग उडालेला, सीट पोत्याने बांधलेली. दोन मोटारींच्या मधे तो असा उभा असतो, की मोटारीच त्याच्या दारात उभ्या आहेत असं वाटावं. नांगरायला जमीन उरली नाही. ट्रॅक्टर वर्षातून एकदा बाहेर पडतो, गावच्या नाथाच्या उत्सवात रथ ओढायला.

रथ ओढायचा मान अण्णांच्या घराचा. पूर्वी बैल जोडत, बैल गेल्यावर ट्रॅक्टर आला. त्या मानाची एक अट आहे, आणि ती गावात अजून पाळली जाते: रथाची ओढ आणि रथावरचा उजेड एकाच घरचा पाहिजे. पूर्वी मशालीचं तेल मानकऱ्याच्या घरून जाई. आता रथावर दिव्यांच्या माळा असतात आणि त्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतात. भाड्याचा जनरेटर चालत नाही. देवळापासून वेशीपर्यंत आणि परत देवळापर्यंत उजेड टिकला पाहिजे. वाटेत विझला तर मान भावकीत पुढच्या घराला.

गेल्या वर्षी परतीच्या वाटेवर माळा मंद झाल्या होत्या. विझल्या नाहीत, एवढंच. पण भावकीने पाहिलं. अण्णांचा चुलतभाऊ विलास याचा ट्रॅक्टर नवा कोरा आहे. यंदा दिवे गेले तर मान विलासकडे, असं देवळात बसून ठरलंही होतं. मधल्या पावसाळ्यात अण्णांची बायको, आमच्या काकू, वारल्या. श्वासाचा जुना आजार होता. मुलगी सासरी. घरात अण्णा एकटे. त्यांच्याकडे हा मान सोडला तर कोणी हाक मारून बोलवावं असं काही राहिलं नव्हतं, हे मला तेव्हा समजलं नाही. मी त्यांच्याकडे दर महिन्याला जात असे ते वेगळ्याच कामासाठी. ते मला अडीच हजार रुपये रोख देत आणि माझ्या मोबाइलवरून चिंचवडच्या एका दुकानाला पाठवायला सांगत. कसले, विचारलं तर "भाडं" एवढंच. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टॉवेलाखाली झाकलेलं काहीतरी उभं असे. मी तो कूलर समजलो होतो.

उत्सवाच्या आदल्या दिवशी अण्णा माझ्या दारात आले. मी व्होल्टमीटर बाळगतो, हे त्यांना माहीत होतं. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही, म्हणून घेतलेला.

"उद्या या राव मीटर घिऊन. तुमी आकडा सांगाल तो खरा."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ट्रॅक्टर देवळामागच्या पटांगणात आणलेला होता. शकील नावाचा इलेक्ट्रिशियन सकाळीच येऊन बसला होता. अण्णा बॅटरी घरी चार्जरवर लावत. त्या चार्जरच्याही दिव्यांवर पट्टी असल्यामुळे ती भरली की नाही हे त्यांना कधीच कळत नसे. मी मीटर लावला. इंजिन बंद असताना साडेबारा. म्हणजे बॅटरी ठीक. इंजिन चालू केल्यावर आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा, कारण मग अल्टरनेटर बॅटरी भरू लागतो. आकडा साडेबाराच राहिला. माळा लावून पाहिल्या तर बारा पूर्णांक दोनवर आला आणि डोळ्यांदेखत उतरायला लागला.

शकीलने ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि अण्णांना विचारलं, की चार्जिंगचा लाल दिवा लागत नाही ना? अण्णा छाती पुढे काढून म्हणाले, "न्हाई. कंदीच न्हाई लागत." शकीलने मान डोलावली. दिवा लागत नाही आणि बॅटरीही भरत नाही, म्हणजे अल्टरनेटर आतून गेला. त्याने तो काढला, दुरुस्त केलेला दुसरा बसवला, पट्टा ताणला. मी पुन्हा मीटर लावला. बारा पूर्णांक दोन.

मग त्याला वायरिंगचा संशय आला. तेवढ्यात चाकणला एका कंपनीची बस कामगार घेऊन बंद पडली, म्हणून फोन आला. शिफ्ट सुटायची वेळ होती. तासाभरात येतो म्हणून तो गेला. तासभर म्हणजे किती, हे आमच्या भागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आता पटांगणात मी, अण्णा आणि ट्रॅक्टर. ऊन उतरायला लागलं होतं. रथ सूर्य मावळताना निघतो. मला घाम फुटला. खरं तर माझा मान जाणार नव्हता, माझी भावकीही नव्हती. पण माझ्या हातातला आकडा उतरत होता आणि उतरणारा आकडा मला पाहवत नाही. मी बॅटरीची टोकं घासली. चासीवर जाणारी जाड वायर उघडून तिच्याखालचा गंज काढला. पुन्हा बसवली. बारा पूर्णांक एक.

अण्णा तोपर्यंत ट्रॅक्टरला हार घालत होते, सोडत होते, पुन्हा घालत होते.

विलास आला तो हळदीकुंकू लावलेला नवा ट्रॅक्टर रस्त्यावर उभा करूनच. पांढरे कपडे, कपाळाला गुलाल. आमच्याकडे थोडा वेळ पाहून म्हणाला, "अण्णा, ऱ्हाऊ द्या की आता. गाडी म्हातारी, माणूस म्हातारा. यंदा आमी वडतो, तुमी निवांत मागनं चाला."

"वडशील रं. मी गेल्याव वड."

"तसं न्हाई अण्णा. पर मधीच अंधार पडला तर सगळ्या गावात..."

"पडू दे की. तुझ्या कपाळावचा गुलाल दिसंल तेवढा उजेड हाय मला."

विलास हसला, पण गेला नाही. आपल्या ट्रॅक्टरला टेकून उभा राहिला. त्याच्या उभं राहण्याची मला फार भीती वाटली.

मी शकीलला फोन लावला. तो बसखाली होता. मी त्याला सगळे आकडे सांगितले. तो म्हणाला, "भाऊ, अल्टरनेटरच्या मागं एक बारीक वायर आहे बघा, पुढं डॅशबोर्डला जाते. ती लाल बत्तीची. नुसती चावी दिली, गाडी चालू नाही केली, तर बत्ती लागते ना?"

"अण्णा सकाळी म्हणाले, लागत नाही."

"अहो, गाडी चालू असताना लागत नाही, असं समजलो मी. ते बरोबरच. पण नुसत्या चावीवर लागलीच पाहिजे. त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला पहिला करंट जातो, मग तो जागा होतो. बल्ब नसेल तर अल्टरनेटर नवा टाका नाहीतर जुना, तो झोपूनच राहणार."

मी फोन ठेवला. डॅशबोर्डकडे वाकून पाहायची गरजच नव्हती. लिफ्टचे अठराशे रुपये मला आठवत होते. तरी पाहिलं. डॅशबोर्डवरच्या काट्याशेजारी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर, काळी पट्टी. मी ती सोलली. खाली लाल काच होती. काच फिरवून काढली, तर आत बल्बची जागा रिकामी.

"अण्णा, बल्ब कुठंय?"

अण्णा हार नीट करत राहिले.

"अण्णा, बल्ब नाही म्हणून हा चार्ज करत नाही. गेल्या वर्षी माळा मंद झाल्या त्याही त्यामुळेच. तुम्ही काढलात का?"

त्यांनी हार सोडून दिला. मग चाकावर पाय देऊन वर चढले, सीटवर बसले आणि मडगार्डच्या पत्र्यावर हात ठेवून सांगू लागले. गेल्या वर्षी काकूंनी हट्ट धरला होता, रथाच्या वेळी ट्रॅक्टरवर बसायचा. लग्नानंतर पहिल्या उत्सवाला त्या याच पत्र्यावर बसून गेल्या होत्या. घरी ऑक्सिजनचं मशीन, नाकाला नळी. डॉक्टर नको म्हणाले. अण्णांनी ऑक्सिजनची छोटी टाकी मागे बांधली आणि त्यांना बसवलं. चावी फिरवली आणि समोर हा दिवा लागला. घरच्या मशीनला लाल दिवा लागला की काकू घाबरायच्या. इथेही त्यांनी अण्णांचा खांदा धरला.

"म्हनली, तांबडा लागला व्हय? मी म्हनलं, कुठं? न्हाई. आन पक्कडीनं बल्ब उपसून खिशात टाकला. बास. मग हसली." ते थांबले. "घरी पन तसंच. रातभर इचारायची, आता कंचा हाय? मी मशीनला पट्टी लावली आन सांगायचो, हिरवा हाय, नीज तू. पट्टीखाली काय जळतंय ते मला तरी कुठं दिसत हुतं, खजिनदार. मी आपलं हिरवा म्हनायचो."

मला सुचलं ते कामाचं होतं. मी म्हणालो, बल्ब पांढराच असतो, लाल फक्त काच असते. हायवेवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात हिरवी काचही मिळेल. ती बसवू. अल्टरनेटरला रंगाशी काही देणंघेणं नाही.

अण्णांनी मान हलवली. "नको. लई खोटं सांगितलं तिला. आता तांबडाच लावा."

मी अण्णांचीच स्कूटर घेऊन हायवेला गेलो. चौकात लाल दिव्याकडे सबंध वेळ टक लावून पाहिलं. बल्बचे पंधरा रुपये दिले. परत आलो तेव्हा रथाच्या माळा बांधून झाल्या होत्या, ढोलवाले ढोल आवळत होते आणि विलास आपल्या ट्रॅक्टरवर चढून बसला होता.

बल्ब बसवला, काच लावली. अण्णांनी चावी दिली आणि लगेच मान वळवून देवळाच्या कळसाकडे पाहिलं. लाल दिवा लागला. मग इंजिन धडधडलं. दिवा थोडा थरथरला आणि गेला.

"इझला का?" कळसाकडे पाहतच त्यांनी विचारलं.

मी मीटर पाहिला. "विझला. तेरा पूर्णांक नऊ."

"आकडा ऱ्हाऊ द्या. इझला का?"

"विझला, अण्णा."

रथ निघाला. मीटर घेऊन मी मडगार्डवर बसलो, कारण दुसरीकडे जागा नव्हती आणि मला त्या वायरवर अजून भरवसा नव्हता. अण्णा समोर पाहून चालवत होते आणि प्रत्येक वळणावर दिवा विझलेला आहे का, तेवढंच विचारत होते. मी तेवढंच सांगत होतो. वेशीपाशी रथ वळवताना इंजिन मंद झालं, तेव्हा दिवा क्षणभर पुन्हा लुकलुकला. मी सांगायच्या आधीच अण्णांनी तो पाहिला होता. त्यांनी नुसता पाय दाबला, इंजिनचा आवाज वाढला आणि दिवा गेला. माळा देवळापर्यंत तशाच लखलखत आल्या. शेवटी विलास बाजूने चालत आला, नारळ अण्णांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "उजेड झकास पडला हुता, अण्णा." अण्णा म्हणाले, "तुझा गुलाल बी बरा दिसला."

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला चिंचवडला चला म्हटलं. टॉवेलाखालचा कूलर त्यांनी रिक्षात घालून ठेवला होता. ते ऑक्सिजनचं मशीन होतं. भाड्याचं. काकू गेल्यापासून महिन्याच्या महिन्याला मी माझ्या मोबाइलवरून त्याचंच भाडं पाठवत होतो.

दुकानदाराने मशीन काउंटरवर घेतलं, पुढची काळी पट्टी पाहिली आणि हात पुढे केला. अण्णा म्हणाले, थांबा, मी काढतो. त्यांनी ती नखाने हळूहळू सोलली. दुकानदाराने तपासायला प्लग लावला. मशीन घरघरलं आणि लाल दिवा लागला. अण्णांनी माझा दंड धरला. पण मान वळवली नाही.

दुकानदार भाड्याचा हिशेब करत होता. त्याने वर न पाहताच सांगितलं, "सुरू केलं की थोडा वेळ लालच असतो, बाबा. ऑक्सिजन पुरता तयार व्हायला वेळ लागतो. मग आपोआप हिरवा होतो. मधेच काही बिघडलं असतं तर मशीन ओरडलं असतं. कधी ओरडलं का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "कंदीच न्हाई."

आम्ही तिघे मशीनकडे पाहत उभे राहिलो. दिवा हिरवा झाला.

"म्हंजी रातभर..." अण्णा म्हणाले.

"हिरवाच असणार," दुकानदार म्हणाला.

अण्णांनी माझा दंड सोडला. चालू महिन्याचं भाडं, अडीच हजार, त्यांनी दुकानदाराला रोख दिलं. माझे बल्बचे पंधरा रुपये परत येताना सिग्नलला दिले, दिवा लाल असताना, त्याच्याकडे पाहत.